मागच्या सीटवरची घरघर

नवा सायलेन्सर बसवला त्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे पावणेपाचला गाडी सुरू केली आणि समोरच्या घरात वरच्या मजल्यावरचा दिवा लागला. खिडकी उघडली नाही, कुणी ओरडलं नाही. नुसता दिवा. मी अ‍ॅक्सिलरेटरला पाय लागतो न लागतो अशा बेताने गाडी बाहेर काढली आणि कामावर पोचेपर्यंत स्वतःलाच शिव्या घालत राहिलो. माझी पाळी पहाटेची. आता आठवड्यातून पाच दिवस तो दिवा लागणार होता.

गाडी दोन लिटरची, चार सिलिंडरची, टर्बो पेट्रोल. मूळची इतकी शांत की थांबलेली असताना इंजिन चालू आहे की बंद, हे काटा बघून कळायचं. मला ताकद हवी होती, आवाज नको होता. पण ज्याला विचारावं तो मागचा डबा, म्हणजे सायलेन्सर, बदलायला सांगायचा. ‘फ्री-फ्लो टाक, गाडी मोकळी होईल.’ फ्री-फ्लो म्हणजे वायूला कमी अडवणारा डबा. टाकला. मोकळी झाल्यासारखी वाटलीही. मग डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या रोलर्सवर, चढवली. आधी चाकांवर १६८ हॉर्सपॉवर मिळत होती, आता १७०. एकाच गाडीच्या लागोपाठच्या दोन फेऱ्यांतसुद्धा एवढा फरक पडतो. म्हणजे पैसे मोजून मी घरी आणला होता तो फक्त आवाज. आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो, आणि मी त्याला पुरता फसलो होतो.

मूळ डबा परत बसवला आणि या वेळी आधी मोजायचं ठरवलं. ज्या कुणी मला सल्ले दिले त्यांच्यापैकी एकानेही हे सुचवलं नव्हतं. काम तसं सोपं आहे. एक्झॉस्टमध्ये, म्हणजे जळका वायू बाहेर नेणाऱ्या पाइपांच्या रांगेत, टर्बोच्या लगेच मागे ऑक्सिजन सेन्सरची आट्याची जागा असते. सेन्सर काढून तिथे हातभर लांबीची स्टीलची नळी बसवायची, नळीच्या थंड टोकाला रबरी पाइप आणि त्याला प्रेशर गेज. स्टीलची नळी वगळून थेट रबर लावलं तर ते पहिल्याच चढावर वितळतं. (लावलं होतं. वास दोन दिवस गेला नाही.) धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे कॅटच्या, मागे दुसरा सेन्सर असतो, तिथेही तसंच केलं. मागच्या डब्याच्या अलीकडे पाइपला एक भोक पाडून नट वेल्ड करून घेतला. मग डायनोवरच पूर्ण थ्रॉटल देऊन ५५०० आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला ५५०० फेऱ्या) तिन्ही ठिकाणचे आकडे घेतले.

टर्बोच्या तोंडाशी ०.४२ बार. कॅटच्या मागे ०.१७. मागच्या डब्याच्या आधी ०.०६. हे आकडे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या वरचे. वजाबाकी केली तेव्हा हसूच आलं. डाउनपाइप (टर्बोपासून कॅटपर्यंतचा पाइप) आणि कॅट मिळून ०.२५ बार खात होते, मधला पाइप ०.११, आणि ज्या डब्यावर मी खर्च केला त्याचा वाटा एक सप्तमांश. मधल्या पाइपचंही कारण सापडलं. मागच्या सस्पेन्शनवरून वळसा घेताना तो नुसता दाबून वाकवलेला होता आणि वळणाच्या आतल्या बाजूला चपटा झाला होता. हात फिरवला तर बोटांना कळत होतं.

टर्बो नसलेल्या साध्या इंजिनात एक्झॉस्टच्या नळ्यांची लांबी-रुंदी नीट जुळवली की एका सिलिंडरचा वायू बाहेर पडताना दुसऱ्याला ओढून घेतो. त्यावरूनच ‘थोडं बॅकप्रेशर (मागचा अडवणारा दाब) लागतंच’ ही समजूत पसरली असावी. टर्बोच्या मागे हे काही उरत नाही. टर्बाइनला, म्हणजे बाहेर जाणाऱ्या वायूवर फिरणाऱ्या टर्बोच्या चाकाला, कळतं ते इतकंच, की माझ्या आधी दाब किती आणि माझ्या नंतर किती. त्या दोन्हींच्या गुणोत्तरावर ती फिरते. समजा गुणोत्तर २ आहे आणि मागचा, म्हणजे टर्बाइननंतरचा दाब, हवेचा धरून, १.४२ बार. मग पुढचा, टर्बाइनच्या आधीचा, २.८४. मागचा १.१३ वर आणला तर तेवढ्याच गुणोत्तराला पुढे २.२६ पुरतात. मागे ०.२९ कमी केले, पुढे ०.५८ कमी झाले. पिस्टनला वायू बाहेर ढकलायला लागणारा जोर घटतो, सिलिंडरमध्ये जळका वायू कमी उरतो आणि नॉकिंगची (मिश्रण अवेळी पेटून ठोके बसण्याची) भीतीही थोडी मागे सरते. टर्बोच्या गाडीत डाउनपाइपला एवढं महत्त्व का, याचं उत्तर मला या एका गणितात मिळालं.

शिवाय टर्बाइन स्वतःच अर्धा सायलेन्सर असते. इंजिनातून ठोके येतात, ती ते फोडून सपाट करते. म्हणून टर्बो गाडीला शांत ठेवणं साध्या गाडीपेक्षा सोपं जायला हवं. तसं ते गेलं नाही, त्यात थोडा माझाही हात आहे.

कॅट काढून सरळ पाइप घालण्याचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. तो मी विचारातच घेतला नाही. कितीतरी देशांत ते बेकायदा आहे, धुराचा वास गाडीत येतो, आणि कॅट आवाजही गिळतं ही गोष्ट सगळे विसरतात. मी धातूच्या पातळ पत्र्याचं, चौरस इंचाला ३०० घरांचं, मूळच्यापेक्षा रुंद कॅट घेतलं. रुंदी वाढली की वायूचा वेग उतरतो आणि वेग उतरला की अडथळाही उतरतो. डाउनपाइप तीन इंची, टर्बोच्या तोंडाशी घंटेसारखा पसरट. कॅटच्या पुढे शेवटपर्यंत अडीच इंची पाइप. तीन इंच शेवटपर्यंत ने, असा आग्रह होता, पण वायू मागे जाईपर्यंत निवतो, आकसतो, त्याला तेवढी जागा लागत नाही. रुंद पाइप मात्र बोंबलतो जास्त. सगळी वळणं मँड्रेलवर, म्हणजे आतून आधार देऊन, वाकवलेली घेतली, म्हणजे वळणातही पाइप गोलच राहतो.

वेल्डिंगला ज्यांच्याकडे गेलो ते काका साठीच्या पुढचे. गाडीखाली झोपून टॉर्च मारत त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “तुम्हाला पळायला हवी की गाजायला?”

“पळायला, काका. गाजून झालंय.”

“मग आर्गन आतूनही सोडावा लागेल. वेळ जाईल. घाई करायची नाही.”

स्टेनलेसचा पाइप बाहेरून टिग वेल्डिंगने जोडताना आतून आर्गन भरला नाही, तर सांध्याच्या आतल्या बाजूला जळलेल्या साखरेसारखी खरखरीत काळी खपली धरते. ती वायूला आडवी येते आणि पुढे सांधा तिथेच तडकतो. काकांनी पाइपची दोन्ही तोंडं अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलने बंद केली, एका बाजूने नळी घुसवली आणि काडीपेटी जवळ धरून बघितली. फॉइलच्या भोकाशी काडी विझली, म्हणजे आतली हवा गेली. आधी गाडीवरच जागोजाग टाके मारून सगळं उतरवलं, मग टेबलावर पूर्ण वेल्ड. ऑक्सिजन सेन्सरची जागा पाइपच्या वरच्या अर्ध्यात ठेवली. खालच्या अर्ध्यात ठेवली तर थंड इंजिनात साचणारं पाणी सेन्सरवर उडतं आणि तापलेला सेन्सर तडकतो. शेवटी शेपटाच्या तोंडाला व्हॅक्यूम क्लीनर उलटा, फुंकर मारणारा करून लावला आणि सांध्यांवर साबणाचं पाणी. एका क्लॅम्पपाशी बुडबुडे आले. ते तिथल्या तिथे मिटलं. सेन्सरच्या आधीची बारीक गळतीसुद्धा बाहेरची हवा आत ओढते आणि मग इसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) झाल्याचा भास होतो.

पहिल्याच फेरीत गाडीने झटका दिला. जोरात, जणू कुणी इग्निशनची किल्ली फिरवून परत लावली. बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब, ०.९ बारला थांबायला हवा होता. ४५०० पर्यंत तो तिथे होता, मग हळूहळू चढत ५५०० ला १.१५ वर गेला आणि इसीयूने पेट्रोल तोडलं. मागचा अडथळा गेल्यामुळे टर्बाइन आता त्याच वायूवर जास्त जोरात फिरत होती, आणि जास्तीचा वायू बाजूने सोडणारं वेस्टगेट जुन्याच हिशोबाने उघडत होतं. वेस्टगेटचं दार पूर्ण उघडूनही बूस्ट चढत राहिला असता तर टर्बो उतरवून त्याचं भोक मोठं करावं लागलं असतं. सुदैवाने माझ्या बाबतीत दार पूर्ण उघडतच नव्हतं. इसीयूचे आकडे जुळवणाऱ्या ट्यूनरने वेस्टगेटच्या तक्त्यातले आकडे खाली आणले आणि बूस्ट पुन्हा ०.९ वर बसला. नवा एक्झॉस्ट लावून ट्यूनिंग न करता गाडी पळवणारे लोक आहेत. मी त्यांच्यात नाही.

डायनोवर चाकांवर १९६. टर्बोच्या तोंडाशी ०.१३ बार. आणि आकड्यापेक्षा गोड गोष्ट म्हणजे पूर्ण बूस्ट आधी २९०० ला यायचा तो आता २५०० ला येऊ लागला. रोजच्या चालवण्यात जाणवतं ते हेच.

आवाजासाठी मागे मोठा, सरळ आरपार जाणारा डबा घातला होता. आत भोकाभोकांचा पाइप, भोवती स्टेनलेसची लोकर आणि बेसॉल्टचा धागा. मध्ये एक छोटा रेझोनेटर, त्याच जातीचा, पण मुद्दाम वेगळ्या लांबीचा. दोन डबे एकाच लांबीचे असले की दोघांच्याही हातून तीच तीच वारंवारता निसटते. बाहेर मोजलं. उभ्या गाडीच्या चाचणीची पद्धत आयएसओ ५१३० या मानकात दिलेली आहे: शेपटापासून अर्धा मीटर, ४५ अंशाच्या कोनात मायक्रोफोन. माझ्या गाडीची कमाल ताकद ५५०० ला येते, अशा इंजिनासाठी ३७५० आरपीएमवर धरायचं. मूळचा एक्झॉस्ट ८४ डेसिबल, तो फसलेला फ्री-फ्लो ९५, आणि हा नवा ८७. मी खूश. पहाटे समोरचा दिवा लागला नाही. अजून खूश.

मग रविवारी आईला घेऊन लांब निघालो. आईला गाडीतलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. ती मागे बसते, उजव्या बाजूला, स्वेटर उशाला घेऊन. सहाव्या गिअरमध्ये ताशी शंभरला लागलो, २४०० आरपीएम. दहा मिनिटांनी मागून आवाज आला, “अरे, खिडकी कुठली उघडी आहे का रे? कानात दडे बसतायत.”

खिडक्या बंद होत्या. मी पुढे बसून नीट ऐकलं तर हलकीशी घरघर, बस्स. पुढच्या थांब्यावर गाडी सोबत आलेल्या मित्राच्या हातात दिली आणि मी मागे आईच्या जागी बसलो. बापरे. आवाज असा नव्हताच, दाब होता. छातीत आणि कानाच्या पडद्यावर कुणी तळवा ठेवून सोडतंय, ठेवून सोडतंय. तोंड उघडलं की थोडं बरं वाटायचं. २२०० ला नाही, २७०० ला नाही. मधल्या त्या पट्ट्यातच, आणि माणूस हायवेवर तासन्‌तास त्याच पट्ट्यात असतो.

माझ्या मीटरला हे कळलं का नाही? कारण मी मीटर ए पट्टीवर ठेवला होता. ए पट्टी माणसाच्या कानासारखी, खालचे सूर कमी लेखणारी. ८० हर्ट्झला ती तब्बल २२ डेसिबल वजा करते. सी पट्टी जेमतेम अर्धा. गाडीत मागच्या सीटवर ए पट्टीवर जुन्या-नव्यात दोनच डेसिबलचा फरक निघाला, सी वर नऊचा. कागदावर शांत आणि कानाला असह्य, दोन्ही एकाच वेळी.

८० हर्ट्झ कुठून आले? चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दर फेरीला दोन स्फोट. २४०० भागिले ६० म्हणजे सेकंदाला ४० फेऱ्या, दुप्पट ८०. फोनवरच्या अ‍ॅपमध्येही बरोबर तिथेच सुळका होता. लोकरीचे डबे वरचे कर्कश सूर गिळतात. गरम पाइपात ८० हर्ट्झची लाट पाच-सहा मीटर लांब, हातभर डब्याला ती दादच देत नाही.

आधी मी चुकीचा उपाय केला. मधला रेझोनेटर काढून दुप्पट लांबीचा घातला. वरची खरखर गेली, आईच्या कानातले दडे तसेच.

मग बंद नळीचा उपाय. मुख्य पाइपला बाजूने एक नळी जोडायची, दुसरं टोक बंद. लाट नळीत जाते, बंद टोकावर आपटून परत येते. नळीची लांबी लाटेच्या बरोबर पाव असेल तर परतलेली लाट मुख्य पाइपातल्या लाटेच्या नेमकी उलटी पडते आणि दोघी एकमेकींना खातात. वायूच्या वाटेत काही आडवं येत नाही, म्हणजे ताकदीला धक्का नाही. फक्त लांबी अचूक हवी, आणि लांबी ध्वनीच्या वेगावर ठरते, वेग तापमानावर. डब्याआधीच्या पाइपचं तापमान मी ३०० अंश सेल्सियस धरलं. त्या तापमानाला ध्वनी सेकंदाला साधारण ४८० मीटर जातो. ४८० भागिले ८० भागिले ४, दीड मीटर. काकांनी अडीच इंची दीड मीटरची नळी मागच्या डब्याच्या अलीकडे जोडली, मुख्य पाइपला समांतर पुढे वळवली, आणि टोक वेल्ड न करता क्लॅम्पने टोपण लावून बंद केलं.

“कापावी लागणार,” ते म्हणाले. “जोडण्यापेक्षा कापणं सोपं.”

परत निघालो. २४०० ला घरघर जशीच्या तशी. मी इतका वैतागलो की पुढच्या वळणावरूनच मागे फिरलो. आणि त्याच रागात, चौथ्या गिअरमध्ये दोन हजारांच्या आसपास रेंगाळत असताना गाडी अचानक मुकी झाली. रेडिओ बंद होता, तरी आवाज कमी केल्यासारखं झालं. २०६० वर एकदम, थोडं वर-खाली गेलं की परत. नळी काम करत होती! फक्त चुकीच्या जागी.

रस्त्याकडेला थांबून उलटं गणित मांडलं. २०६० आरपीएम म्हणजे ६८.७ हर्ट्झ. गुणिले दीड मीटर, गुणिले ४: सेकंदाला ४१२ मीटर. एवढा वेग साधारण १५० अंशांना असतो. आणि मग डोक्यात प्रकाश पडला. मुख्य पाइपातून गरम वायू वाहतो, पण बंद नळीतला वायू जागचा हलत नाही. तो तिथेच उभा राहतो आणि खालून लागणाऱ्या वाऱ्याने निवतो. मी वाहत्या वायूचं तापमान घेऊन उभ्या वायूची नळी कापली होती. ४१२ भागिले ३२० म्हणजे सुमारे १.२९ मीटर. एकवीस सेंटिमीटर कापली, टोपण लावलं, निघालो. २४०० ला मागच्या सीटवर सी पट्टीचा आकडा आठ डेसिबलने खाली आला. मग टोपण वेल्ड करून टाकलं आणि नळीला थोडा उतार दिला, पाणी मुख्य पाइपाकडे यावं म्हणून. बंद टोकाला पाणी साचलं तर नळी आतून आखूड होते आणि सगळा हिशोब परत बिघडतो.

आणखी दोन बारीक भानगडी. लटकवायचे रबर मऊ पडलेत म्हणून मी कडक पॉलियुरेथेनचे घातले होते, त्यांनी पाइपचा कंप थेट तळाच्या पत्र्यात उतरवला. परत मूळचे मऊ रबर घातले. दुसरं, वीसेक मिनिटं चालल्यावर मागून टकटक यायची आणि गाडी थांबवून खाली बघेपर्यंत जायची. ३०४ जातीचं स्टेनलेस तापलं की बरंच वाढतं. तीन मीटरचा पाइप साडेतीनशे अंशांनी तापला तर जवळपास १८ मिलिमीटर. मी थंड गाडीवर बंपरपासून एक सेंटिमीटर जागा सोडून समाधानी होतो. आता तीन आहे.

पुढच्या वेळी आईने स्वेटर उशाला घेतला आणि टोल येईपर्यंत काही बोलली नाही. तेव्हा विचारलं, “आता कसं वाटतंय?”

“काय कसं वाटतंय?”

एक गोष्ट मात्र राहिलीच आहे. थंड इंजिन सुरू झालं की इसीयू कॅट लवकर तापावं म्हणून मुद्दाम आरपीएम वर ठेवतो आणि ठिणगी उशिरा टाकतो. ती अर्धी-पाऊण मिनिटं गाडी मूळच्या एक्झॉस्टमध्येही थोडी गुरगुरायची, नव्यात जरा जास्त. ते काढायचं म्हणजे कॅटच्या तापण्याशी खेळायचं, आणि ते मला करायचं नाही. म्हणून पहाटे आधी डबा-बॅग आत ठेवतो, पट्टा बांधतो, आरसे बघतो, फोन लावतो, आणि सगळ्यात शेवटी किल्ली फिरवतो. पहिला गिअर टाकून हळूच निघतो. समोरच्या वरच्या मजल्यावर अंधार असतो.